बंदी उठायच्या आधी

हर्णै, २७ जुलै

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल बंदरावर तुझी आई भेटली. जून-जुलै दोन्ही महिने तू तंबाखूला हात लावला नाहीस, हे तिने मला तीनदा सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. पण रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र. १ ऑगस्टला तू बोटीवर चढणार.

मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत तुझ्यासारखी चार-पाच पोरं दर वर्षी तंबाखू सोडतात. नारळी पौर्णिमा झाली, दोन फेऱ्या मारून आली, की त्यांतली बहुतेक पुन्हा गालात बार भरून फिरताना दिसतात. त्यांना मी कधी कच्च्या मनाची म्हटलं नाही.

शरीरापुरतं तुझं काम झालं आहे. तंबाखू सुटल्यावरची चिडचिड, झोप उडणं, डोकं जड होणं पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. जूनच्या सुरुवातीला तू आईसमोर ताट आपटलंस, ते त्यातलंच. चघळायचा निकोटिनचा गम सोडतानाच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी असतो. आता कोणी दिला तरी घेऊ नकोस, नव्याने कशाला निकोटिन पोटात घालतोस? पण ज्या वेळांना तू तंबाखू मळायचास, त्या वेळा या दोन महिन्यांत आल्याच नाहीत. त्या बोटीवर राहिल्या आहेत.

हे मला मशेरीने शिकवलं. होय, तुझी नर्सबाई १९ वर्षं मशेरी लावत होती. मशेरी लावणाऱ्या आईचं मूल कमी वजनाचं होतं, हे मी गरोदर बायकांना वजनकाट्याशी उभी राहून सांगायचे, आणि सकाळी मागीलदारी चुलीवर पाणी तापेपर्यंत माझं बोट डबीत असायचं. त्या बायकांची मी अपराधी आहे, आजही तसंच वाटतं. पुढे माझी दुसऱ्या उपकेंद्राला बदली झाली. तिथल्या खोलीला मागीलदार नव्हतं, चूल नव्हती. दोन महिने डबी उघडली नाही, आठवणसुद्धा झाली नाही. सुटली, असं मी धरून चालले. गणपतीला घरी आले. पहाटे उठून पायरीवर बसले, पाण्याला वाफ धरली आणि बोट दातांवर फिरायला लागल्यावर मला कळलं की मी डबी उघडली आहे.

अमेरिकेचे सैनिक व्हिएतनामच्या युद्धात असताना त्यांच्यात हेरॉइन फार पसरलं होतं. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मागोवा घेतला. तिकडे जवळजवळ पाचात एक जण व्यसनी झाला होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी झालेल्यांपैकी शंभरात पाचच जण पुन्हा व्यसनात पडले. जागा बदलली, सोबतची माणसं बदलली, हेरॉइन सहज मिळेनासं झालं. ते सैनिक व्हिएतनामला परत गेले नाहीत. तुला मात्र दर फेरीला परत जायचं आहे, पोट त्यावर आहे.

म्हणून बोटीवरच्या वेळा आजच मोजून ठेव. तू मला तीन सांगितल्या होत्यास. जाळं टाकून झाल्यावर ओढायची वाट बघत बसतोस ती एक. रात्री सुकाणूवर झोप येते ती दुसरी. आणि बोटीचा तांडेल तंबाखूची चंची पुढे करतो ती तिसरी. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे की ‘आता खाणार नाही’ एवढ्या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधी ठरवलेलं जास्त पाळलं जातं. मीही तेच केलं, त्याला काही नाव आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. चूल पेटवली की परडी उचलायची आणि जास्वंदीची फुलं काढायला आगरात जायचं. परडी धरलेल्या हाताला डबी उघडता येत नाही.

तुझ्या हाताला मळायची सवय आहे, तोंडाला झणझणीत काहीतरी हवं असतं. दोघांनाही काम दे. जाळं पाण्यात गेलं की आमसुलाचा तुकडा गालात धर आणि फाटकं जाळं नि सुई पुढ्यात घे. तलफ एका वेळी काही मिनिटांचीच असते, तेवढ्यात दहा-वीस गाठी होतील. सुकाणूवर झोप आली तर तोंडावर पाणी मार, उभा राहा, आणि तरी डोळे मिटत असतील तर दुसऱ्याला उठव. झोपेला तंबाखू हे औषध नव्हे.

चंचीचं अवघड आहे. तांडेल तुझा मामा आहे, त्याने तुला पोहायला शिकवलं, आणि त्याची चंची पुढे येते ती मायेनेच येते. बोटीवर सगळ्यांसमोर तिला नाही म्हणायला गेलास तर त्याचा अपमान होईल आणि तुझी जीभ रेटणार नाही. त्यापेक्षा ३१ तारखेच्या आत त्याच्या घरी जा. पाया पड आणि सांग, मामा, मला चंची दाखवू नकोस. तो हसेल. हसू दे. दोन दिवसांनी तोच दुसऱ्यांना गप्प करील, मी त्याला लहानपणापासून ओळखते.

सुपारीकडे मात्र वळू नकोस. तंबाखू सोडून मावा नको म्हणून नुसती सुपारी धरलेले मी कितीतरी पाहिले. नुसती सुपारीही कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तसं ठरवलेलं आहे, आणि तोंड आखडण्याचं मुख्य कारण तीच आहे. आखडलेलं तोंड पुरतं पूर्ववत होत नाही. मे महिन्यात तुझ्या तोंडात एकावर एक धरलेली तीन बोटं मावत नव्हती, ते मी विसरलेले नाही.

२१ दिवसांत सवय लागते, असं तू म्हणत होतास. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. रोज पाणी पिणं, चालणं अशा नव्या सवयी अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणजे आमसुलाची आणि सुईची सवय मुरायला ऑक्टोबर उजाडेल, कदाचित जास्तही लागेल. एखाद्या रात्री सुई हातात घ्यायची राहिली तर राहू दे. तंबाखूच्या चिमटीला मात्र हा हिशेब लावू नकोस, एका चिमटीने जुनी वाट पुन्हा उघडते. तरीही घेतलीच गेली, तर थुंकून टाक, चूळ भर आणि पुढचं जाळं पडलं की आमसूल. मला लपवू नकोस, मी ओरडणार नाही.

तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारचा फोन आहे, १८०० ११२ ३५६, पैसे पडत नाहीत. पण खोल समुद्रात रेंज नसते, म्हणून बंदरात असतानाच एकदा बोलून घे.

आमसुलं उन्हाळ्यातली आहेत, चांगली काळी आणि आंबट. दोन पुड्या बांधून पडवीतल्या खुंटीला लावल्यात. एक तुझी, एक मामाला दे. पहिली फेरी करून आलास की लिलाव आटपल्यावर तसाच वर ये. आंघोळीला थांबू नकोस. तोंड उघडून बोटं घालून बघू.

तुझी,
नर्सबाई