एका दिवसात उंचावरचा व्ह्यू पॉइंट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पहाटे निघून उंच डोंगरावरचा एखादा व्ह्यू पॉइंट गाठायचा आणि उजेड असतानाच खाली यायचे, अशा चढाईच्या तयारीविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. अनेक दिवसांच्या ट्रेकमध्ये शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो आणि आज चुकलेला अंदाज उद्या सुधारता येतो. एका दिवसाच्या चढाईत यांपैकी काहीच हाती नसते. म्हणून आदली रात्र कोठे काढायची, किती वाजता निघायचे आणि किती वाजता मागे फिरायचे, हे तीन निर्णय पायथ्याशीच, डोके ताजे असताना घेतले पाहिजेत.

प्रश्न : आमची वाट ३,१०० मीटर उंचीवरून सुरू होते आणि व्ह्यू पॉइंट ४,२०० मीटरवर आहे. एका बाजूचे अंतर ७ किलोमीटर आहे. सपाटीवर मी तासाला ५ किलोमीटर सहज चालतो. किती वेळ धरावा आणि केव्हा निघावे?

उत्तर : स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही हिशेबाची सुरुवात करायला उपयोगी पडतो. साधारण दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, असा तो आहे. त्यानुसार आपल्या ७ किलोमीटरना सुमारे दीड तास आणि १,१०० मीटर चढाईला पावणेदोन तासांहून थोडे अधिक, म्हणजे एकूण सव्वातीन तासांच्या आसपास लागतील. पण हे गणित कसलेल्या माणसाचे, चांगल्या वाटेचे आणि विश्रांती न धरता केलेले आहे, शिवाय ते कमी उंचीच्या डोंगरांवरचे आहे. साधारण १,५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला माणसाची कमाल श्रमक्षमता एक टक्क्याच्या आसपास घटत जाते, त्यामुळे ४,२०० मीटरवर ती जवळजवळ पाव हिश्श्याने कमी झालेली असते. सपाटीवरचा वेग येथे गृहीत धरू नये. नेस्मिथच्या वेळेची दीडपट करून चढाईला पाच तास धरावेत. वाट घसाऱ्याची, म्हणजे सुट्या दगडमातीची, किंवा बर्फाची असेल तर त्याहूनही अधिक.

उतरायला चढाईच्या निम्मा वेळ पुरतो असे अनेकजण मानतात. थकलेल्या पायांनी आणि दगडगोट्यांच्या वाटेवर तो दोनतृतीयांशाच्या जवळ जातो. म्हणजे आपल्याला उतरणीसाठी सव्वातीन तास, वर थांबण्यासाठी पाऊण तास आणि अनपेक्षित अडचणींसाठी किमान एक तास हवा. एकूण दहा तास झाले. आता घड्याळ उलटे मोजावे. दुपारी तीनपर्यंत पायथ्याशी परत यायचे असेल तर पहाटे पाचला निघणे आले आणि पहिला टप्पा हेडटॉर्चच्या उजेडात चालणे आले. असा टप्पा आदल्या दिवशी उजेडात पाहून ठेवावा. मागे फिरण्याची वेळ या हिशेबात सकाळी अकरा ही येते. अकरा वाजता आपण जेथे असू तेथून परतायचे, मग व्ह्यू पॉइंट वीस मिनिटांवर दिसत असला तरीही. ही वेळ गटातील प्रत्येकाला आधी सांगितलेली असावी, कारण वर पोचल्यावर थकवा, विरळ हवा आणि जवळ आलेल्या टोकाची ओढ या तिन्हींमुळे विचारशक्ती मंदावते आणि त्या क्षणी घेतलेला निर्णय फार क्वचित चांगला असतो. अर्ध्या वाटेवरची एखादी ठळक खूण नकाशावर आधीच हेरून तेथे पोचण्याची वेळही लिहून ठेवावी. तेथेच तासभर उशीर झाला असेल तर दिवसाचा निकाल तेव्हाच कळतो.

प्रश्न : आम्ही समुद्रसपाटीजवळ राहतो. आदल्या रात्री उशिरा गाडीने ३,१०० मीटरवर पोहोचून पहाटे चढाई सुरू करण्याचा विचार आहे. वर फार वेळ थांबणार नाही, तरीही उंचीचा त्रास होऊ शकतो का?

उत्तर : होऊ शकतो, आणि आपल्या बेतातील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण वरही सुमारे २१ टक्केच असते, पण हवेचा दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. ४,२०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो. शरीर याला उत्तर म्हणून श्वसन वाढवते, मूत्रपिंडे रक्तातील आम्लाचा तोल पुन्हा साधतात आणि मग श्वसन आणखी वाढू शकते. या सगळ्याला तास नव्हे, दिवस लागतात. उत्तम व्यायाम असलेल्या तरुणालाही यातून सूट नाही. उलट तो वेगाने चढतो आणि त्यामुळे अधिक अडचणीत येतो.

उंचीचा सौम्य आजार साधारण २,५०० मीटरच्या वर झपाट्याने गेल्यावर काही तासांनी, पुष्कळदा सहा ते बारा तासांत, जाणवू लागतो. डोकेदुखी हे मुख्य लक्षण. जोडीला मळमळ, भूक न लागणे, गळून गेल्यासारखे वाटणे, चक्कर. दिवसभराच्या चढाईत आपण वर फार काळ नसतो हे खरे आणि त्याचा फायदा मिळतोही, परंतु आपल्या बेतात ही तासांची मोजणी आदल्या रात्री ३,१०० मीटरवर पोचल्यापासूनच सुरू झालेली असते. म्हणजे ऐन चढाईच्या वेळी त्रास सुरू होण्याची पुरती सोय आपण करून ठेवता आहात.

माझा स्पष्ट सल्ला असा, की आणखी किमान एक दिवस काढावा, शक्य असल्यास दोन. पहिली रात्र २,२०० ते २,५०० मीटरच्या दरम्यान, दुसरी रात्र ३,००० मीटरच्या आसपास, मधल्या दिवशी दोनतीन तासांची संथ चाल आणि झोपायला खाली परत, असा क्रम ठेवल्यास शरीराला सावरण्याची संधी मिळते. या रात्री मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण टाळाव्यात, कारण त्यांनी झोपेतील श्वसन मंदावते. ॲसिटाझोलामाइड हे औषध शरीराची जुळवणी लवकर व्हायला मदत करते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, चढायच्या आदल्या दिवसापासून घ्यायचे असते. सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असल्यास ते आधीच सांगावे. हाताशी सुट्टी एकच दिवसाची असेल, तर कमी उंचीचा व्ह्यू पॉइंट निवडावा. त्यात काही उणे नाही.

चढताना डोके दुखू लागले तर थांबावे, पाणी प्यावे, थोडे खावे, आणि अर्ध्या तासात उतार पडला नाही तर आणखी वर जाऊ नये. पुढील लक्षणांना मात्र अर्धा तासही देऊ नये. बसलेले असतानाही धाप लागणे, छातीत घरघर किंवा सतत खोकला, ओठ निळसर पडणे ही फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची चिन्हे आहेत. असंबद्ध बोलणे, विलक्षण सुस्ती, तोल जाणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची. शंका आल्यास टाचेला पायाचा अंगठा लावत सरळ रेषेत दहाबारा पावले चालायला सांगावे. ते जमले नाही तर त्या व्यक्तीला तात्काळ खाली न्यावे, कितीही वाजले असोत, आणि सोबत कोणीतरी असलेच पाहिजे. खाली उतरणे हाच येथे पहिला उपचार आहे.

प्रश्न : बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बरोबर घेतला तर तो आकडा पाहून निर्णय घेता येईल का?

उत्तर : केवळ त्यावर नाही. गारठलेल्या बोटांवर तो चुकीचे आकडे दाखवतो, आणि उंचीवर निरोगी माणसाचेही आकडे सपाटीपेक्षा बरेच कमी असतात. आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखी आणि उलट्यांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. लक्षणांवर विश्वास ठेवावा.

प्रश्न : मागच्या वेळी पाच तास चढून गेलो आणि समोर फक्त ढग होते. दृश्य दिसण्याची शक्यता कशी वाढवावी?

उत्तर : दूरचे दृश्य हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू असल्यामुळे या प्रश्नाकडे जितके लक्ष द्यावे तितके थोडे. ४,२०० मीटरवरून, मध्ये काही आडवे आले नाही तर, क्षितिज भूमितीने सुमारे २३० किलोमीटर दूर असते. प्रत्यक्षात आपली नजर ढग, बाष्प आणि धूळ यांनी अडते. रात्री थंड, जड हवा दऱ्यांत उतरते, त्यामुळे पहाटे ढग असले तरी ते पुष्कळदा दऱ्यांमध्येच पसरलेले राहतात आणि वरची हवा स्वच्छ असते. ऊन चढले की उतार तापतात, दरीतली हवा बाष्प घेऊन वर सरकते, आणि सकाळच्या दुसऱ्या प्रहरापासून धारेवर ढग जमू लागतात. उबदार महिन्यांत हा क्रम अनेक पर्वतांत रोजचाच असतो. म्हणून लवकर निघण्याने सुरक्षितता आणि दृश्य दोन्ही साधतात. पायथ्याशी एक दिवस आधी पोचलात तर ढग किती वाजता वर येतात हे स्वतः पाहून ठेवता येईल. आपल्या नेमक्या दरीपुरती ही माहिती कोणत्याही सर्वसाधारण अंदाजापेक्षा मोलाची आहे. हवामानाचा अंदाज पाहतानाही जवळच्या गावाचा पाहू नये, उंचीनुसार दिलेला पाहावा आणि त्यात वाऱ्याचा वेग व ढगांच्या तळाची उंची शोधावी.

सहसा कोणी विचारात घेत नाही अशी दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाशाची दिशा. जी शिखरे पाहायची आहेत ती व्ह्यू पॉइंटच्या पूर्वेला असतील तर सकाळी सूर्य त्यांच्या मागे असतो आणि आपल्याला केवळ धूसर बाह्यरेषा दिसतात. पश्चिमेला असतील तर तीच सकाळ त्यांच्या घळी, हिमनद्या आणि कातळाचे रंग उजळून दाखवते. नकाशावर व्ह्यू पॉइंटपासून त्या शिखरांपर्यंत रेघ ओढून पाहावी. पूर्वेकडच्या रांगेसाठी दुपारचा प्रकाश चांगला असला, तरी दुपारी ढग आणि वीज यांचा धोका वाढतो, म्हणून अशा ठिकाणी एखादा बुटका पण सोयीच्या बाजूचा व्ह्यू पॉइंट निवडणे मला अधिक योग्य वाटते. पाऊस किंवा हिमवृष्टी होऊन गेल्यानंतरच्या पहिल्या निरभ्र सकाळी हवा सर्वाधिक स्वच्छ असते. मात्र ताज्या बर्फाने वाट निसरडी झाली आहे का आणि वरच्या उतारांवर हिमस्खलनाचा इशारा आहे का, हे स्थानिक यंत्रणेकडून कळल्याशिवाय निघू नये.

प्रश्न : उघड्या धारेवर असताना मेघगर्जना ऐकू आली तर काय करावे?

उत्तर : खाली उतरायला लागावे, तेही ताबडतोब. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंद गेले तरी वादळ केवळ दहा किलोमीटरवर असते, आणि पुढची वीज तेवढ्या अंतरावर सहज पडू शकते. धार, टोक, एकटे झाड, उथळ गुहा आणि पुढे आलेल्या कड्याखालची जागा टाळावी. गटाने एकत्र न राहता अंतर ठेवून उतरावे, म्हणजे एकाच विजेने सगळे जखमी होणार नाहीत. केस ताठ होणे किंवा धातूच्या वस्तूंमधून गुणगुण ऐकू येणे म्हणजे क्षणाचाही अवधी उरलेला नाही. शेवटच्या गर्जनेनंतर तीस मिनिटे धारेवर परत जाऊ नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नये, आणि श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर (छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास) सुरू करावे.

प्रश्न : एका दिवसासाठी सॅकमध्ये काय असावे? ओझे कमी ठेवण्याची इच्छा आहे.

उत्तर : ओझे कमी हवेच, पण काही वस्तू वापरल्या गेल्या नाहीत तरी न्याव्याच लागतात. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याशी १२ अंश असेल तर आपल्या व्ह्यू पॉइंटवर पाचच्या आसपास असेल आणि वाऱ्यात ते त्याहून बरेच कमी जाणवेल. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घामाने भिजून अंग गारठवतो. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबदार जाकीट आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारा थर असावा. निरभ्र दिवशीही हातमोजे, टोपी, हेडटॉर्च, प्रथमोपचाराचे साहित्य आणि आपत्कालीन चंदेरी पांघरूण घ्यावे. दर १,००० मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यातील ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून बाजूने झाकणारा गडद गॉगल अत्यावश्यक आहे. बर्फामुळे होणारी डोळ्यांची जळजळ काही तासांनी सुरू होते, त्यामुळे वर असताना तिची कल्पनाही येत नाही. पाणी तासाला अर्धा लिटर या अंदाजाने घ्यावे. भरपूर पाणी प्यायल्याने उंचीचा त्रास होत नाही हा समज मात्र चुकीचा आहे, आणि तहान नसताना लिटरमागून लिटर पाणी ढोसल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यावा, फोन शरीरालगत उबेत ठेवावा आणि कागदी नकाशाही जवळ असावा.

प्रश्न : दहा वर्षांची मुलगी आणि रक्तदाबाची गोळी घेणारे ६६ वर्षांचे वडील यांना बरोबर नेता येईल का?

उत्तर : वडिलांचा रक्तदाब नियंत्रणात असेल आणि ते एरवी डोंगर चढत असतील, तर केवळ वयामुळे त्यांना मागे ठेवण्याचे कारण नाही. उंचीवर पहिल्या काही दिवसांत रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून गोळी चुकवू नये आणि डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावे. बीटा ब्लॉकर गटातील गोळीने नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे श्रमाचा अंदाज नाडीवरून न घेता बोलता येते की नाही यावरून घ्यावा: सलग एक वाक्य न थांबता बोलता आले तर वेग योग्य आहे. छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असेल तर तपासणीशिवाय जाऊ नये.

मुलीच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. मुले त्रास झाला तरी तो नेमका सांगत नाहीत. चिडचिड, खाणे नाकारणे, एकदम गप्प होणे यांनाच लक्षण मानावे आणि कारण शोधत न बसता उतरायला लागावे. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी ठरावा आणि त्या व्यक्तीला पुढे चालू द्यावे. परतणाऱ्याला एकटे पाठवायचे नसते, त्यामुळे चार मोठी माणसे असतील तरच गट दोन भागांत विभागता येतो. तीन मोठी माणसे आणि एक मूल असेल तर सगळ्यांनी एकत्रच फिरावे, हे निघण्यापूर्वीच मान्य करून घ्यावे.

प्रश्न : मोबाइलला रेंज नसलेल्या भागात मदत कशी मागावी?

उत्तर : मदतीची सुरुवात पायथ्यालाच होते. घरच्या किंवा मुक्कामाच्या ठिकाणच्या एका जबाबदार माणसाकडे वाट, गटातील नावे, परतण्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचाव पथकाला कळवायचे, हे लिहून द्यावे. आणि ठरलेली वाट बदलू नये, कारण शोध त्याच वाटेवर घेतला जाईल. वर असताना शिट्टी आवाजापेक्षा खूप दूर पोचते आणि दमही राखते. पर्वतांतला संकटाचा संकेत म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच. मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर ते उत्तर आहे. ते मिळाले तरी संकेत देणे थांबवू नये, म्हणजे येणाऱ्यांना दिशा कळत राहील.