वाचक विचारतात : लिनक्सला कुठला मॉडेम चालतो? (डायल-अपच्या, म्हणजे साध्या फोनलाइनवरून मॉडेमने इंटरनेट जोडायच्या काळातली प्रश्नोत्तरं)

प्रश्न (सांगली) : सर, मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून फेडोरा लिनक्स टाकलं. साउंड, प्रिंटर सगळं लागलं, मॉडेम मात्र दिसतच नाही. विंडोजमध्ये तोच मॉडेम झकास चालतो. दुकानदार म्हणतो, मॉडेम ओके आहे, तुमचं लिनक्सच खराब आहे. नवीन घ्यायचा तर कुठला घेऊ? बजेट जेमतेम आहे.

उत्तर : या महिन्यात निम्मी पत्रं याच प्रश्नाची आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. दुकानदाराचं अर्धं खरंय, मॉडेम खराब नाहीये, पण तो पूर्ण मॉडेमच नाहीये. फोनच्या तारेवरून आवाज जातो आणि कॉम्प्युटरला हवे असतात आकडे, तर ही अदलाबदल करायला खऱ्या मॉडेममध्ये स्वतःचा एक छोटा प्रोसेसर आणि एक कंट्रोलर असतो. स्वस्तातल्या मॉडेमांमध्ये कंपन्यांनी हे दोन्ही, नाहीतर निदान कंट्रोलर तरी, काढून टाकला आणि ते काम तुमच्या पेन्टियमच्या गळ्यात घातलं, आणि ते काम करायचं कसं हे सांगणारा ड्रायव्हर लिहिला फक्त विंडोजसाठी. म्हणून याला विनमॉडेम म्हणतात. (हे नाव खरंतर यूएस रोबोटिक्सचा ट्रेडमार्क, पण आता वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं सगळ्यांनाच लागलंय.)

तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा. रूट (सिस्टीमचा मुख्य युजर) होऊन टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) ही कमांड द्या, सगळी लहान अक्षरं, मधे स्पेस नाही. ल्युसेंट, कोनेक्झंट, पीसीटेल, मोटोरोला एसएम56 असं काही दिसलं की बहुतेक वेळा विनमॉडेम आहे हे समजून जायचं. किंवा कॅबिनेट उघडून कार्डावरच्या सगळ्यात मोठ्या चिपवर काय छापलंय ते वाचा. खोक्यावरचं नाव बघू नका. एकाच नावाच्या खोक्यात सहा महिन्यांनी वेगळीच चिप निघते, माझ्या बाबतीत झालंय, मित्राचा चालला म्हणून तोच मॉडेल नंबर सांगून आणला आणि आत भलतीच चिप.

विनमॉडेम निघाला म्हणून लगेच फेकू नका हां. ल्युसेंटच्या चिपसाठी एलटीमॉडेम नावाचा ड्रायव्हर आहे, बऱ्यापैकी चालतो. स्मार्टलिंकसाठी एसएलमॉडेम आहे. इंटेलच्या 536 आणि 537 चिपसाठी इंटेलनेच ड्रायव्हर दिलाय. कोनेक्झंटच्या एचसीएफ, एचएसएफ चिपसाठी लिन्युएक्झंट कंपनीचा ड्रायव्हर आहे, पण फुकटातला 14.4 केबीपीएसच्या (सेकंदाला हजार बिट) वर जात नाही, पूर्ण स्पीड हवा तर पैसे मोजा.

आता यातली खरी गंमत अशी की ड्रायव्हर आहे इंटरनेटवर आणि इंटरनेट येणार ड्रायव्हर बसल्यावर. म्हणजे सायबर कॅफेत जायचं, फ्लॉपीवर उतरवायचा, घरी आल्यावर फ्लॉपी वाचली जात नाही, परत जायचं, मग कळणार की हा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) 2.4 चा होता आणि तुमच्याकडे 2.6 आहे, मग कर्नल सोर्स हवा, तो दुसऱ्या सीडीवर, आणि एवढं सगळं झाल्यावर कर्नल अपडेट केलात की पुन्हा पहिल्यापासून. ज्याला हौस आहे त्याने जरूर करावं, मी पण केलंय, दोन रविवार गेले. पण ज्याला फक्त मेल बघायचीये त्याने या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तर घ्यायचा कुठला? बाहेरचा, सिरियल पोर्टला लागणारा, स्वतःचा ॲडॉप्टर असलेला. एवढं दुकानात म्हणा आणि गप्प बसा. सिरियल पोर्टवरून फक्त आकडे जातात, त्यामुळे त्या डबीत सगळं काम तिथल्या तिथे होणं भागच आहे, म्हणून हा कुठल्याही सिस्टीमवर चालतो. डी-लिंक, डॅक्स, झूम, यूएस रोबोटिक्स, या बाबतीत कुठलाही घ्या. आतल्या कार्डापेक्षा बराच महाग पडेल हे कबूल, पण बजेट कमी असेल तर जुना घ्या, मी माझा पुण्यातल्या तपकीर गल्लीत 900 रुपयांना घेतला, ॲडॉप्टर वेगळा शोधावा लागला एवढंच.

यूएसबीवाला दाखवतील, छान छोटा असतो, पण तिथे सांभाळून. यूएसबीत दोन्ही प्रकार मिळतात. जो यूएसबीच्या स्टँडर्ड मॉडेम पद्धतीने बोलतो त्याला लिनक्स लगेच ओळखतं आणि /डेव्ह/टीटीवायएसीएम0 (/dev/ttyACM0) असं नाव देतं, बाकीच्यांचं पुन्हा ड्रायव्हर ड्रायव्हर. आणि आत बसणारं पीसीआय कार्डच हवं असेल तर यूएस रोबोटिक्सचं 5610 हे हार्डवेअर मॉडेम आहे, पण आपल्याकडे शोधावं लागेल.

खोक्यावर बघायची एकच गोष्ट सांगतो. सिस्टीम रिक्वायरमेंटमध्ये डॉस (विंडोजच्या आधीची सिस्टीम) लिहिलंय का ते बघा. डॉसवर चालतो म्हणजे त्याला कोणाची मदत लागत नाही, म्हणजे लिनक्सवर पण चालणार. उलट "पेन्टियम एमएमएक्स आणि विंडोज 98 आवश्यक" असं असेल, किंवा कुठे एचएसपी (म्हणजे काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकललेलं) ही अक्षरं दिसली, तर खोका परत काउंटरवर.

घरी आणल्यावर आधी मिनीकॉम (मॉडेमशी बोलायचा प्रोग्राम) उघडा, पोर्ट /डेव्ह/टीटीवायएस0 (/dev/ttyS0) द्या (विंडोजचं कॉम1 म्हणजे हेच, विंडोज 1 पासून मोजतं, लिनक्स 0 पासून) आणि एटी टाइप करून एंटर मारा. खाली ओके उमटलं की जिंकलात, बाकी फोन नंबर आणि पासवर्ड केपीपीपीमध्ये (फोन लावून इंटरनेट जोडायचा प्रोग्राम) भरायचं काम राहतं.

प्रश्न (नाशिक रोड) : एक्स्टर्नल मॉडेम घेतला, एटीला ओके येतं, पण डायल करताना "नो डायलटोन" येऊन बंद. फोन उचलला तर टोन व्यवस्थित ऐकू येतो.

उत्तर : तुम्हाला ऐकू येतो, मॉडेमला तो टोन वाटत नाही. अमेरिकेतला डायल टोन 350 आणि 440 हर्ट्झ अशा दोन सुरांचा, आपला 400 च्या आसपासचा घरघरता. मॉडेम तिकडचा टोन यायची वाट बघत बसतो आणि कंटाळून सोडून देतो. त्याला वाट बघू नको म्हणून सांगायचं. केपीपीपीच्या मॉडेम टॅबमध्ये डायल टोनची वाट बघायची टिक असते ती काढा, किंवा इनिशियलायझेशन स्ट्रिंगच्या शेवटी एक्स3 जोडा. तरीही नाही झालं तर एक्स्चेंज जुनं असेल, एटीडीटीच्या जागी एटीडीपी करून पल्सने डायल करून बघा. आणि हो, तार मॉडेमच्या "लाइन" लिहिलेल्या भोकात आहे ना, "फोन"च्या नाही? हसू नका, मीच एकदा अर्धा तास घालवलाय.

प्रश्न (डोंबिवली) : कनेक्ट होतं, 44000 चा स्पीड दाखवतं, पण एकही साइट उघडत नाही. फोनचं मीटर मात्र पळतंय!

उत्तर : घरात दोन कॉम्प्युटर लॅनने जोडलेत का? पत्रात लिहिलं नाहीत, पण माझी पैज. लॅन कार्डाला गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) दिलेला असतो, मग पीपीपी (फोनवरचं इंटरनेट कनेक्शन) जोडलं गेलं तरी आधीचा डीफॉल्ट रूट (ठरलेला रस्ता) तो बदलत नाही आणि माहितीची सगळी पाकिटं जातात लॅनच्या वायरीत, जिथे बाहेर जायला रस्ताच नाही. लॉगमध्ये "नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डीफॉल्ट रूट" अशी ओळ दिसेल. लॅनच्या सेटिंगमधला गेटवे पुसून टाका, लॅन त्याच्याशिवायही चालतं. गेटवे नसेलच तर मग डीएनएसचे (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारे) नंबर भरलेत का ते बघा.

स्पीड 44000 म्हणजे उत्तम आहे, 56000 चे स्वप्न बघू नका. आणि त्या स्पीडवर सीडी उतरवायचा विचारही नको, सेकंदाला 4 केबी धरले तर 650 एमबीला 46 तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. सीडी मित्राकडून कॉपी करा, लायसन्सची परवानगी आहे.

प्रश्न (पुणे) : लॅपटॉपमधल्या मॉडेमचं काय?

उत्तर : जवळपास सगळे सॉफ्टवेअरवाले. एसएलमॉडेम लागतोय का बघा, नाहीतर जुनं 16 बिट पीसीएमसीआयए (लॅपटॉपच्या खाचेत बसणारं) मॉडेम कार्ड शोधा, ती बहुतेक खरी मॉडेम असतात. सिरियल पोर्ट असेल तर बाहेरचा जोडा. नसेल तर यूएसबी-टू-सिरियलची वायर मिळते, पीएल2303 चिपवाली घ्या, लिनक्सला ती माहितीये.

प्रश्न (कुडाळ) : ओळखीचे एक काका 33.6 चं जुनं आयएसए मॉडेम कार्ड 200 रुपयांना देतायत. घेऊ का? इकडे लाइन फार खराब आहे.

उत्तर : आधी कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवर आयएसए कार्डाचा काळा लांब स्लॉट आहे का बघा, नवीन बोर्डांवर नसतो. असेल तर कार्डावर बारीक जंपर (पिनांवर बसवायच्या टोप्या) आहेत का बघा, कॉम पोर्ट आणि आयआरक्यू (कार्डाचा इंटरप्ट नंबर) निवडायचे. जंपर असले तर बहुतेक अस्सल हार्डवेअर मॉडेम आहे, लगेच 200 रुपये देऊन मोकळे व्हा. खराब लाइनवर 56 वाला पण 28-30 च्या वर जात नाही, तेव्हा तुमचं काही नुकसान नाही. फक्त वळवाचा पाऊस सुरू झाला, आकाश गडगडायला लागलं की फोनची वायर कार्डातून उपटून ठेवा. बाहेरच्या मॉडेमवर वीज आली तर बऱ्याचदा डबीवर निभावतं, आतल्या कार्डावर आली तर मदरबोर्ड घेऊन जाते, आणि तो 200 रुपयांत मिळत नाही.