वस्तीत वाचनवर्ग सुरू करताय? आधी हे बघा

पहिल्या दिवशी शिकवू नका, तपासा. एकेका मुलाला बाजूला घेऊन पाच अक्षरं दाखवा. चार बरोबर आली तर पाच शब्द, मग छोटा परिच्छेद. गट इयत्तेनुसार नाही, या पातळीनुसार पाडा. तिसरीतलं मूल अक्षरगटात बसलं तरी चालेल. (शिक्षणात काम करणारी 'प्रथम' संस्था गट असेच पाडते.)

बाराखडीच्या तक्त्यावर मुलं क, का, कि तालात म्हणतात, ते पाठांतर. मधूनच 'मि' किंवा 'लो'वर बोट ठेवा, लगेच कळतं. घ-ध, भ-म यांत गल्लत होतेच. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी दिसते म्हणूनही मुलं अडखळतात. तिथे घाई नको.

गोष्ट मात्र रोज, सगळ्यांना, शब्दांखाली बोट फिरवत. आणि पुस्तकं कपाटात कोंडू नका, दोरीवर टांगा. फाटली तर चिकटवू.