ठाण्यात केटामाइनची ड्रिप घ्यावी का? गोळ्यांनी नैराश्य हटत नाही, घरचे म्हणतात ही नशा आहे

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं गोळ्या घेऊनही नैराश्य आणि घाबरणं जात नाही, घोडबंदर रोडवरच्या एका क्लिनिकने सहा ड्रिपचं पॅकेज सांगितलंय आणि वडील म्हणतात भुलीचं औषध म्हणजे नशाच. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून वडिलांच्या शंकेपासून सुरुवात करते.

केटामाइनला अमेरिकेत भुलीसाठी १९७० साली मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. गैरवापर होतो हे खरंच, म्हणून आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत टाकलंय. भूल द्यायला शिरेतून किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम एकदम देतात. नैराश्यात किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, तेही ४० मिनिटांत सावकाश. येल विद्यापीठातल्या चाचणीत २००० साली हीच मात्रा वापरली होती, आजही तीच चालते. हे वडिलांना सांगा.

आता तुमची दोन वर्षं. दोन वेगवेगळी औषधं, पुऱ्या डोसमध्ये, प्रत्येकी किमान सहा ते आठ आठवडे घेऊनही उपयोग झाला नाही, तरच नैराश्य हट्टी म्हणायचं. आपल्याकडे नैराश्यावरची एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम आणि रात्री घाबरण्यावरची क्लोनाझेपाम यावर माणसं वर्षानुवर्षं बसून असतात आणि ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ म्हणतात. ५ मिलिग्रॅम हा सुरुवातीचा डोस झाला, एस्सिटालोप्राम २० पर्यंत नेता येतं. जुन्या चिठ्ठ्या काढा आणि कुठलं औषध किती दिवस, किती डोसमध्ये घेतलं ते लिहून मानसोपचारतज्ज्ञांपुढे ठेवा. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर आधी ती.

एवढं करूनही ड्रिपच घ्यायची ठरली, तर त्या खोलीत काय असतं ते बघून या. ७० किलोच्या माणसाला लागतं ३५ मिलिग्रॅम. वायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची असेल तर हे जेमतेम ०.७ मिलिलिटर झालं. ते १०० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून पंपावर तासाला १५० मिलिलिटरच्या वेगाने सोडतात. पंप नसला तर साध्या सेटवर मिनिटाला ५० थेंब मोजत बसावं लागतं. पेशंटने कोपर वाकवलं की थेंब थांबतात, मग कुणीतरी नळीवरचं चाक सैल करतं, हात सरळ झाला की सलाइन धावतं आणि ४० मिनिटांचं औषध १५ मिनिटांत आत जातं. मग बीपी चढतं, उलट्या होतात आणि पेशंटला वाटतं आपण मेलो. नीट चाललेल्या ड्रिपमध्येही हातपाय आपले नाहीत, आवाज लांबून येतोय, वेळ थांबलाय असं वाटतंच. ते आधी सांगितलेलं असलं तर माणूस निभावून नेतो. मुळात घाबरणाऱ्याला न सांगता ड्रिप लावणं हा मला गुन्हाच वाटतो.

‘एवढ्याशा डोसला भूलतज्ज्ञ कशाला?’ हा आमच्या धंद्यातला जुना वाद. माझं उत्तर असं की डोस एवढासा असला तरी १० मिलिलिटरच्या वायलमध्ये ५०० मिलिग्रॅम असतं, आणि ०.७ च्या जागी ७ मिलिलिटर भरायला एक दशांश चिन्ह चुकलं की पुरे. तेव्हा ऑक्सिजन, घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन, हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग आणि ती वापरता येणारा माणूस त्याच खोलीत हवा. खालच्या मजल्यावर असून उपयोग नाही. भूलतज्ज्ञाची फी वाचवून पॅकेज स्वस्त केलेलं असेल तर ते घेऊ नका.

फरक पडला तर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी कळतो, पण आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. म्हणून तीन आठवड्यांत सहा ड्रिप, आणि पुढेही अधूनमधून लागू शकते. गोळ्या आणि समुपदेशन सुटत नाही. शॉक ट्रीटमेंटला घाबरून इकडे वळू नका. २०२३ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत केटामाइनने ५५ टक्के पेशंटना फरक पडला आणि शॉकने ४१ टक्के. पण त्यात भास-भ्रम असलेले पेशंट नव्हते. २०२२ च्या स्वीडनच्या चाचणीत शॉक सरस ठरला होता. आणि भुलीशिवाय शॉक देणं २०१७ च्या कायद्याने बंद आहे.

नैराश्यासोबतचं घाबरणं बरेचदा त्याच्याबरोबर कमी होतं. नुसत्या चिंतेसाठी पुरावा अजून तोकडा आहे.

बीपी १४०/९० च्या वर असेल तर त्या दिवशी ड्रिप नको. भास, उन्माद, ताजा हार्ट अटॅक, गरोदरपण, व्यसनाचा इतिहास यातलं काही असेल तर आधी सांगा. लघवीला जळजळ होऊ लागली तर लगेच कळवा, वारंवार घेतल्याने मूत्राशयाला इजा होऊ शकते. क्लोनाझेपाममुळे परिणाम बोथट होऊ शकतो, पण ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. सहा तास आधी जेवण बंद, दोन तास आधी पाणी बंद. ड्रिपनंतर दोन तास तिथेच थांबायचं. त्या दिवशी स्कूटर नाही आणि एकट्याने लोकलही नाही, सोबत कुणीतरी हवंच. जीव द्यायचे विचार येत असतील तर पॅकेजच्या तारखेची वाट बघू नका, १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टीत जा.

पैसे एकदम भरू नका, ड्रिपगणिक द्या. दर वेळी पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घ्यायला सांगा. चौथ्या ड्रिपनंतरही आकडा जागचा हलला नसेल तर पाचवी कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा.