मिठी, कव आणि ‘एम्ब्रेस’

प्रश्न : ऑफिसच्या पत्रकातल्या ‘एम्ब्रेस चेंज’चं मी ‘बदलाला कवटाळा’ केलं आणि सगळे हसले. शब्दकोशात तर हाच अर्थ दिलाय!

उत्तर : शब्दकोश खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतो. मराठीत माणूस कवटाळतो तो बहुधा सुटू नये म्हणून. तापाने फणफणलेल्या लेकराला आई कवटाळते. ‘जुन्या कल्पना कवटाळून बसलाय’ म्हटलं की तर चक्क टोमणाच. ‘एम्ब्रेस’मध्ये हा धसका नाही, समोर आलेलं आपणहून, मोकळ्या मनाने जवळ करणं आहे. तुमच्या पत्रकात ‘बदल आपलासा करा’ छान बसलं असतं. धर्म, मत, विचारसरणी असेल तर ‘स्वीकार’ किंवा ‘अंगीकार’. मला अंगीकार जास्त आवडतो, कारण त्यात ‘अंग’ आहे आणि ‘एम्ब्रेस’च्या पोटातही हातच आहेत. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचं मूळ लॅटिन ‘ब्राकियम’, म्हणजे बाहू. मनगटावरचं ब्रेसलेटही त्याच घरातलं.

प्रश्न : मग ‘हग’ वेगळा कसा?

उत्तर : मिठी आणि आलिंगन यांत आहे तेवढाच फरक. हग रोजच्या बोलण्यातला, एम्ब्रेस जरा लेखी. मित्राकडे ‘हग’ मागा. ‘एम्ब्रेस’ मागितलात तर बिचारा दचकेल.

प्रश्न : ‘शी एम्ब्रेस्ड टू हिम’ बरोबर आहे का?

उत्तर : नाही. ‘त्याला’मधला ‘ला’ आपल्याकडून तो ‘टू’ घालून घेतो. ‘शी एम्ब्रेस्ड हिम’ म्हणा. दोघांनी एकमेकांना मिठी मारली असेल तर नुसतं ‘दे एम्ब्रेस्ड’.

प्रश्न : अभ्यासक्रम तीन विषय ‘एम्ब्रेस’ करतो, म्हणजे काय?

उत्तर : त्यात तीन विषयांचा समावेश आहे. ‘कवेत घेतो’ हे ललित लेखात शोभेल, माहितीपत्रकात नको.

प्रश्न : ‘बेअर हग’ म्हणजे मगरमिठी ना?

उत्तर : प्राणी बदलला की अर्थही बदलतो. मगरमिठी कर्जाची, व्यसनाची. तिच्यातून सुटका नाही. अस्वलाची मिठी बहुतेक वेळा प्रेमाचीच असते, फक्त बरगड्यांची काळजी घ्यावी. अपवाद उद्योगजगतातला. एखादी कंपनी ताब्यात घ्यायची म्हणून तिच्या संचालकांपुढे बाजारभावापेक्षा इतका घसघशीत देकार ठेवायचा, की नाही म्हणणं जड जावं. त्यालाही बेअर हग म्हणतात. तिथे मात्र अस्वलात थोडी मगर दिसते.

प्रश्न : जहाज किनाऱ्याला ‘हग’ कसं करेल?

उत्तर : किनारा धरून, त्याच्या जवळजवळून जाईल. सुरुवातीच्या काळात मीही एका भाषांतरात ‘जहाजाने किनाऱ्याला मिठी मारली’ असं लिहिलं होतं. संपादकांनी समासात विचारलं, ‘किती बुडाले?’