रात्री जाग येते पण हलता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. हे भूत की स्वप्न?

स्वप्नच, पण अर्धवट जागेपणी पडलेलं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नं रंगतात त्या 'रेम' झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नातली धावपळ आपण अंथरुणातच केली असती. कधीकधी भान आधी परततं आणि स्नायू मागे राहतात. डोळे उघडे, खोली ओळखीची, आणि स्वप्नातली सावली दाराशी उभी. छातीचे स्नायूही ढिलेच असतात, म्हणून श्वास कोंडल्यासारखा वाटतो. पण श्वासपटल चालू असतं, गुदमरायला होत नाही.

मला हे बारावीच्या जागरणांच्या दिवसांत व्हायचं. आजी परसातल्या पिंपळावरच्या मुंजाला दोष द्यायची. जपानमध्ये यालाच कानाशिबारी म्हणतात. तुमची भीती मात्र अगदी खरी आहे, त्यावर कुणी हसू नये.

उताणं झोपणं टाळा, झोपेची वेळ सांभाळा. अडकलात तर पायाचं एखादं बोट हलवायचा प्रयत्न करा. हे वारंवार होऊन दिवसाही झोप अनावर होत असेल, तर डॉक्टरांना नक्की दाखवा. नार्कोलेप्सी हा झोपेचा आजार आहे का ते तपासावं लागतं.