महाराष्ट्रात कट्टर राजकीय विरोधकांमध्ये खरी मैत्री होती का, की ते फक्त दाखवण्यापुरतं?

होती, आणि तिची किंमतही मोजली जायची. मला सगळ्यात आधी बाळासाहेब ठाकरे आणि शरद पवार आठवतात. भर सभेत बाळासाहेब पवारांना ‘मैद्याचं पोतं’ म्हणायचे, निवडणुकीत दोघं एकमेकांना सोडायचे नाहीत. तरी घरोबा टिकून राहिला. 2006 मध्ये पवारांची मुलगी सुप्रिया सुळे राज्यसभेसाठी उभ्या राहिल्या, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही. लहानपणापासून पाहिलेली, घरातली मुलगी, एवढंच त्यांच्या लेखी पुरेसं होतं. युतीतल्या भाजपनेही उमेदवार दिला नाही आणि सुप्रियाताई बिनविरोध निवडून आल्या. जाहीरपणे असं वागायला हिंमत लागते, कारण आपलेच कार्यकर्ते जाब विचारू शकतात.

दुसरं उदाहरण मराठी नाही, पण मनाला फार भिडतं. 1988 मध्ये वाजपेयींना मूत्रपिंडाच्या उपचाराची गरज होती. पंतप्रधान राजीव गांधींनी त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या शिष्टमंडळात घेतलं, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उपचारही होतील. राजीवजींनी याचा कधी गाजावाजा केला नाही. त्यांच्या हत्येनंतर वाजपेयींनीच ही गोष्ट लोकांना सांगितली.